मामांचा उजवा, तिचा डावा

१. गेल्या सोमवारी तुमच्या व्हॉलीबॉल संघातल्या त्या मुलीच्या, तुमच्या 'तोफे'च्या, उजव्या खांद्याचा एमआरआय मी काढला.
२. त्याचं लॅब्रम, म्हणजे खांद्याच्या उथळ वाटीभोवतीची मऊ कड, फाटलेली निघाली.
३. येत्या शुक्रवारी ऑपरेशन ठरलं.
४. दुखतो तो डावा खांदा.

तीर्थरूप मामा,

दोन्ही हात जोडून नमस्कार (माझे दोन्ही खांदे शाबूत आहेत). तुमचा गुडघा कसा आहे? आवाज ठणठणीत असल्याचं मामीने कळवलं. शेजारीही तेच म्हणतात म्हणे.

काल तोफ रक्ततपासणीला आली होती. जाताना भलीमोठी बॅग तिने उजव्या खांद्यावर टाकली. मी म्हटलं, "अगं, तोच ना दुखतो?" तर म्हणाली, "छे, हा चांगलाय, ताई." मग मशीनमध्ये शिरताना गप्प का होतीस? "सरांनी लिहिलं होतं ना." (तुमच्या शिस्तीबद्दल ऐकून होते.) मग आमच्या फिजिओंनी तिला हात पुढे धरायला लावला, अंगठा खाली, आणि वरून दाबला. उजव्याला तिने जांभई दिली. डाव्याला जो शब्द उच्चारला, तो तुम्ही फक्त पंचांसाठी राखून ठेवता.

फॉर्म काढून पाहिला. तुमच्या अक्षरात, 'दुखरा खांदा: उजवा'. तेव्हा माझी ट्यूब पेटली. तीस वर्षं तुम्ही खेळाडूंच्या समोर उभे राहून शिकवता. त्यांचा डावा तो तुमच्या उजवीकडे. (मला सायकल शिकवताना तुम्ही समोरून "डावीकडे वळ" म्हणाला होतात आणि मी कुंपणात गेले होते. त्याचा खुलासा आज झाला.) त्यात ही डावखुरी, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

मग उजव्याची कड फाटलेली कशी? वर्षानुवर्षं जमिनीवर झेपावणाऱ्यांच्या न दुखणाऱ्या खांद्यांतही अशा चिरा सापडतात. म्हणून आधी खांदा तपासायचा, मग चित्र बघायचं. तुम्ही मात्र फोनवर "फाटलंय तर शिवून टाका" म्हणालात. मामा, खांदा म्हणजे नेट नव्हे. डाव्यालाही ऑपरेशनच लागेल असं नाही. पुष्कळांना विश्रांती आणि काही महिन्यांचा व्यायाम पुरतो. ते सर्जन ठरवतील. ते परगावी आहेत, गुरुवारी येऊन रुग्ण तपासतात, शुक्रवारी ऑपरेशनं करतात आणि मग महिनाभर नाहीत. शुक्रवारचं ऑपरेशन त्यांच्या सहायकांनी थांबवलं आहे, पण डाव्याच्या एमआरआयसाठी दुरुस्त फॉर्म लागतो, आणि ज्याने भरला त्यानेच तो दुरुस्त करायचा असा इथला नियम आहे. तो आला नाही, तर पोरगी महिनाभर त्याच दुखऱ्या खांद्याने स्मॅश मारत राहील. मी थांब म्हटलं, तर म्हणाली, "सरांना विचारते."

तुमची भाची

ता. क. फॉर्मवर तुमच्या सहीखाली आणखी एक सही आहे: 'रुग्णाला विचारून बाजूची खात्री केली.' ती माझी. विचारलं नव्हतं. मामांचं अक्षर दिसलं आणि बरोबरची खूण केली. वरिष्ठांना हे मी लिहून दिलं आहे. आईला तेवढं कळवू नका.

ता. क. २. नवा फॉर्म भरताना तिच्या मागे उभे राहा. तिला थांबही तुम्हीच म्हणा. बुधवारी दुपारी बारापर्यंत फॉर्म पाठवा.