कापलेली वाक्यं

८ जाने.
गुरुवारच्या पुस्तकांच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग. फर्गसने एकच परिच्छेद सलग दोनदा वाचला. त्याला कळलंच नाही. एडिटमध्ये एक कापला. ऑक्टोबरपासून असं चाललंय. आधी वाटलं, दमलाय. वीस वर्षं हा आयरिश माणूस मस्कतच्या इंग्लिश रेडिओवर पुस्तकांबद्दल बोलतोय. त्यातली अकरा मी त्याच्या साउंडला. कधी समोर कागद लागला नाही त्याला.

२२ जाने.
फोनवर एका लेखिकेची मुलाखत. एकच प्रश्न तीनदा. तिसऱ्यांदा बाई चिडल्याच. मी बसून सगळं कापलं, जोडलं. एअरवर छान गेलं. मॅनेजर हैथम खूश! घरी मिलिंदला सांगितलं. म्हणाला, "तू त्याला मदत करतेस की त्याचं लपवतेस?" नवऱ्याला काय जातंय बोलायला. भांडले. जेवले नाही.

१ फेब्रु.
स्टुडिओतून माबेलाला घरी येताना वाटेत सीबला फर्गसच्या घरी थांबले. एकटाच राहतो. भिंत दिसत नाही इतकी पुस्तकं. दारावर त्याच्याच अक्षरात चिठ्ठ्या. 'गॅस बंद केलास का?' 'आज वार कोणता?' म्हणजे त्याला माहीत आहे. डॉक्टरकडे गेलेला नाही.
"नोकरी गेली की व्हिसा गेला. आयर्लंडला एक बहीण, बाकी कोण आहे माझं? उन्हाळ्यापर्यंत सांभाळ, स्मिता."
हो म्हणून बसले.

१२ फेब्रु.
त्याच्या वीस वर्षांनिमित्त हैथमने आजचा कार्यक्रम लाइव्ह ठेवला. सकाळी मी म्हटलं, रेकॉर्ड करू या ना. "का?" कारण काय सांगणार... "खलास, ठरलंय," म्हणाला.
सातव्या मिनिटाला फर्गस वाक्यात मध्येच थांबला. काचेतून माझ्याकडे बघत राहिला. मग माइकवरच, "स्मिता, मी काय म्हणत होतो?"
अख्ख्या मस्कतने ऐकलं. गाणं लावलं. कुठलं, तेही आठवत नाही.

१५ फेब्रु.
हैथमने केबिनमध्ये बोलावलं. "कधीपासून?"
"दोन आठवडे."
धडधडीत खोटं. खरं सांगितलं असतं तर माझीही नोकरी... त्याने विश्वास ठेवला. फर्गसचा कार्यक्रम बंद. बहिणीला कळवलंय, न्यायला येतेय.

२८ फेब्रु.
सीबला गेले. बहीण मोरीन पुस्तकं खोक्यांत भरत होती. अर्धी इथेच सोडणार. फर्गस खुर्चीत. मला बघून हसला. "या गुरुवारी कुठलं पुस्तक घ्यायचं?" तू सांग, म्हटलं. तो विचार करत बसला.
मोरीनने मला किचनमध्ये नेलं. तिकडच्या डॉक्टरांना विचारायचंय, नेमकं कधी सुरू झालं. "रेडिओवाले म्हणतात, जानेवारीअखेर. पण दर आठवड्याला त्याचा आवाज तू ऐकायचीस. बरोबर आहे ना ते?"
आठवून सांगते, म्हटलं.
मंगळवारी त्यांची फ्लाइट. ऑक्टोबर सांगायला दोनदा तिचा नंबर काढला, फोन केला नाही.