पारशिवनीचं अर्थिंग

२१ मे
सु. जाऊन तीन दिवस झाले. गाडी रविवारपासून खाली तशीच उभी. बॅटरी ९ टक्के. चार्जर लावायला गेलो तर पुढच्या सीटवर तिचा रुमाल. परत वर आलो.

२३ मे
कुणालाच सांगितलेलं नाही. इथे लिहितो.
रविवारी घरून, मनीषनगरहून निघताना ५८ टक्के होती. पारशिवनीला सासुरवाडीत चार्ज करू म्हटलं. प्लग लावला तर लाल दिवा. घराला नीट अर्थिंग नाही, गाडी वीज घेईना. वायर गुंडाळून डिकीत टाकली, गप्प बसलो. सु.चा भाऊ विलास आधीच हसत होता, "भाऊजी, हे गाडी हाय का मोबाईल?"
तीनला सु.च्या छातीत दुखू लागलं. विलास शेतात. सासूबाई म्हणाल्या, "शेजारची जीप सांगू का, जवाईबापू?"
मी म्हणालो, नको. गाडी आहे ना.

२४ मे
काल पुढचं लिहवलं नाही.
स्क्रीनवर ६२ कि.मी. शिल्लक. हॉस्पिटल धरमपेठेत, ५०. पुरेल असं वाटलं. ऊन, एसी फुल, वेग नव्वद. कामठी रोडवर १२ उरले, जायचे अजून १७. चार्जिंगला थांबलो. ॲप, ओटीपी, चार्जरची गन दोनदा नीट बसली नाही. एकूण बावीस मिनिटं. ॲम्ब्युलन्स सुचलीच नाही.
सु.ने दोनदा विचारलं, "आलं का?" मी म्हणालो, पाचच मिनिटं. त्यानंतर ती बोलली नाही.
डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. किती, ते मी विचारलं नाही.

२७ मे
विलासचा फोन. तेरवी पारशिवनीलाच. "गाडीनंच या, भाऊजी. आता चार्ज होते येथं. ताई त्या दिवशी सकाळीच म्हणे, यांची गाडी येथं चार्ज नाही होऊन राहिली, अर्थिंग टाकून दे गा."
म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून गाडीत बसली. माझ्यासमोर काही…

३० मे
तेरवी. १०० टक्के करून निघालो. एसी लावला नाही.
घरामागे अर्थिंगचा खड्डा. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ. विलासने स्वतः खणलाय. प्लग लावला. हिरवा दिवा. "पाहा! ताईनं पाहाले पाहिजे होतं," म्हणाला आणि तोंड फिरवलं.
पंगत उठल्यावर हात धुताना विचारलं त्याने, "भाऊजी, त्या दिवशी तुम्हाले पोचाले किती वेळ लागला?"
मी म्हणालो, उद्या बोलू. त्याने हात पुसले. मग म्हणाला, "बरं."

३१ मे, सकाळ
मुक्काम इथेच केला. सासूबाई बादली घेऊन खड्ड्याशी आल्या. माती वाळली की अर्थिंग लागत नाही, म्हणून रोज पाणी घालतात. बादली मी घेतली, ओतली. लगेच जिरलं. "आणखी एक टाका," म्हणाल्या. टाकली.
आता गाडीत बसून लिहितोय. १०० टक्के झाली आहे. वायर काढलेली नाही. विलास ओट्यावर आहे. माझा चहा त्याच्या शेजारी, बशीने झाकून ठेवलाय. हाक मारत नाही.