रॅकवरच्या चिठ्ठ्या

मंगळवार, संध्याकाळ

आज दापोड्याच्या गोदामात मॅनेजरने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. माणशी पार्सलं पावसाळ्यापेक्षा कितीतरी जास्त निघतायत. "नवीन स्टाफ फास्ट आहे!" तो म्हणाला. मी नुसता हसलो. लाज कशी नाही वाटली?

फास्ट कसला! दिवाळीचा माल आलाय म्हणून हात चालतायत. आणि माल चटकन सापडतो तो रॅकवरच्या चिठ्ठ्यांमुळे. त्या पावसाळ्यापर्यंत आमच्याकडे कामाला असलेल्या सविताताईंच्या हातच्या. पावसाळ्यात ऑर्डरीच नव्हत्या, त्यांना रिकामं बसवेना, म्हणून कुठे कोणता माल ते जाड काळ्या अक्षरात लिहून त्यांनी रॅकरॅकवर चिकटवल्या. सुपरवायझर म्हणून रिपोर्टात मी त्यांच्या नावापुढे काय लिहिलं? "स्लो". त्यांची ड्युटी गेली.

माल नसताना कोण फास्ट असतं? मी तर दिवसभर मोबाइल बघत होतो. माझ्या नावापुढे कोणी काही लिहिलं नाही.

दुपारी त्यांना फोन केला, परत या म्हटलं. "न्हाय साहेब, तिकडं पूर्णा गावात दुसऱ्या गोदामात लागलेय." मग त्यांनीच विचारलं, "चिठ्ठ्या हायत ना अजून? माल गावतो ना लोकांना?"

गावतो, म्हणालो. "स्लो" कोणी लिहिलं, ते मात्र सांगता आलं नाही.