एकदाच चालणारी कॅसेट

मारेगाव
दि. १९ नोव्हेंबर २००६

चि. सौ. शीलास,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. एवढ्यासाठी पत्र कायले, फोन करा, असं तुझी वहिनी म्हणते. पण फोन दुकानात आहे आणि माय दुकानाच्या मागच्याच खोलीत बसते. शिवाय लिहिलेलं नाकबूल करता येत नाही, असं बाबा म्हणायचे. म्हणून लिहितो.

मायच्या डोळ्यांचं असं आहे. वर्ध्याच्या डॉक्टरांनी काचबिंदूच सांगितला. गेलेली नजर येत नाही, उरलेली थेंबांनी टिकली तर टिकते. उजवा डोळा गेल्यातच जमा. डाव्यानं नळीतून पाहावं तसं मधलं तेवढंच दिसतं. थेंब सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला मी स्वतः टाकतो. वहिनीवर सोपवत नाही, ती एक थेंब सांगितला की दीड टाकते.

आता कॅसेटचं. तू लिहितेस की मायची नजर आहे तोवर बाबांची कॅसेट व्हीसीडीवर उतरवून तिला दाखव, त्यात अवघड काय आहे. तू नर्सबाई आहेस. सुई कुठं टोचायची ते मी तुला सांगतो का? चौदा एप्रिल सत्त्याऐंशीचा जयंतीचा कार्यक्रम, बाबांच्या गायन पार्टीची बेचाळीस मिनिटं. बाबांचं हलतंबोलतं असं जगात दुसरं काही नाही. फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके आले आहेत. मी ती स्पिरिटनं पुसून बिस्किटाच्या डब्यात ठेवली आहे, झाकणाला चिकटपट्टी लावून वर तारीख टाकली आहे. माझ्या अंदाजानं ती आता एकदाच चालेल. दुसऱ्यांदा चालवली तर तुटेल. म्हणजे उतरवायची ती एकदाच, आणि टिकेल अशाच चकतीवर.

व्हीसीडी ही चकती नव्हे, चिंधी आहे. तिच्यात चित्राच्या रेघा दोनशे अठ्ठ्याऐंशी, डीव्हीडीत पाचशे शहात्तर. आणि आता डीव्हीडीचेही दिवस भरले. बाहेरदेशी दोन नव्या चकत्या निघाल्या आहेत, एक एचडी डीव्हीडी आणि दुसरी ब्ल्यू-रे. दोन्हींचा किरण निळा, दोन्ही तळहाताएवढ्याच. पण एकीचं मशीन दुसरीला ओळखसुद्धा दाखवत नाही. दोघींच्या मागे मोठमोठ्या कंपन्यांचे गट आहेत. दोघींतली एक मरणार हे नक्की. मी चुकीच्या चकतीवर उतरवून बसलो आणि ती मेली, तर पुढे चालवायला मशीन कुठून आणू? म्हणून थांबलो आहे. हे मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. दहावी नापास असलो तरी इंग्रजी मासिक डिक्शनरी घेऊन ओळ न् ओळ वाचतो.

भाचीला, पायलला आशीर्वाद. पत्रात राग दिसला तर तो व्हीसीडीवरचा समज. लोभ आहे तसाच ठेव.

तुझा भाऊ,
भीमराज


बोरी अरब
दि. ३ डिसेंबर २००६

आदरणीय भाऊस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. रेघांचा हिशोब पायलला समजला, मला नाही. मला एवढंच दिसतं की तू चकतीचं आयुष्य मोजून राह्यला आणि मी मायच्या नजरेचं मोजते. काचबिंदूचे पेशंट आमच्या उपकेंद्रात येतात. कुणाचं दिसणं वर्षात जातं, कुणाचं दहा वर्षं राहतं. थेंब वेळेवर टाकणाऱ्यांचंही जातं, भाऊ.

इथं बोरीत ज्याच्या घरात कापूस अजून विकायचा पडला आहे, त्याच्याही घरी व्हीसीडीचं मशीन आहे. निळा किरण कुणाकडेच नाही. तुझ्या दुकानातही भाड्यानं व्हीसीडीच जातात ना? लोकांना चिंधी चालते आणि आपल्या बाबांनाच काहून चालत नाही?

एक गोष्ट तुला सांगायची नव्हती, पण सांगते. दिवाळीच्या सुट्टीत आले होते तेव्हा माय मला हळूच म्हणाली, "भीमाले इचार, तुह्या बापाले पाहाले अजून किती दिस थांबू." ती तुला विचारत नाही, कारण तू लगेच समजावून सांगायला बसतोस.

वहिनीला जयभीम. थेंब ती दीड नाही, एकच टाकते. मी पाहिलं आहे. रागावलास तरी पत्र पाठव.

तुझी,
शीला


मारेगाव
दि. १४ जानेवारी २००७

चि. सौ. शीलास,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. दुकानाचं बरं नाही. कापसाला भाव नाही म्हणून लग्नं पुढे ढकलली जात आहेत, आणि होतात ती सामुदायिक. एकवीस जोडप्यांना एकच कॅमेरावाला. प्रत्येक जोडप्याच्या वाट्याला अडीच मिनिटं येतात, त्यातही मागे दुसऱ्याच नवऱ्याचा फेटेवाला मामा दिसतो. तरी मी प्रत्येकाच्या गळ्यातला हार सरळ करून घेतो. वाईट काम करून देणं मला जमत नाही, हे तुला माहीत आहे.

मायशी बोललो. थोडी थांब म्हटलं. ती बरं म्हणाली. समजावून सांगायला बसलो नाही. चकतीचा फक्त फरक सांगितला, अर्धा तास. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी जेवलास का म्हणून विचारलं.

वणीच्या सायबर कॅफेत जाऊन पाहिलं. दोन्ही गट अजून हटलेले नाहीत. एका बाजूला सिनेमे जास्त, दुसरीच्या मशीनची किंमत कमी. वर्षभरात निकाल लागेल असं माझं मत आहे. वर्ष म्हणजे काही फार नाही. वीस वर्षं सांभाळलं ते एका वर्षासाठी मातीत घालायचं नाही.

तू मला हट्टी समजतेस. समज. पण बाबांचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटलेला मला पाहवणार नाही.

माया असू दे.

भीमराज


बोरी अरब
दि. २० मे २००७
(पोस्टकार्ड)

आदरणीय भाऊस, सविनय जयभीम. वि. वि.
माय आणि आम्ही दोघी सुखरूप पोचलो. यवतमाळला गाडी बदलताना मायला बसायला जागा मिळाली. तू पांढरकवड्याहून शूटिंग आटोपून येईपर्यंत थांबता आलं नाही, रागावू नकोस. माझी सुट्टी संपत होती. पावसाळाभर माय इथंच राहू दे, थेंब मीच टाकीन. कॅसेटचं मी आता काही म्हणणार नाही. तुझ्या वेळेनं कर. वहिनीला जयभीम, आमची आठवण असू दे.
शीला


मारेगाव
दि. ९ सप्टेंबर २००७

चि. सौ. शीलास,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

मायला घेऊन आलो त्याला आज पंधरा दिवस झाले. डाव्या डोळ्याची नळी आणखी बारीक झाली आहे. ताटातली भाजी बोटानं चाचपते. वर्ध्याला पुन्हा नेलं होतं. थेंब बदलून दिले, बाकी डॉक्टर फार बोलले नाहीत.

तू म्हणणं सोडलंस तेव्हा मला बरं वाटलं होतं. निदान एका माणसाला माझं पटलं, असं वाटलं. पण मायनंही सोडलं आहे. पूर्वी मी मासिक घेऊन बसलो की ती विचारायची, निकाल लागला का म्हणून. आता विचारत नाही. परवा मीच तिला म्हटलं की माय, आता फार दिवस नाहीत. तर म्हणाली, होऊ दे सावकाश. मला ते बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. तिनं आशाच सोडली की काय? तुझ्यापाशी काही बोलली असेल तर कळव. लपवू नकोस.

रात्री मध्येच वाटतं की फोडावा डबा आणि लावावी कॅसेट. मग वाटतं, एवढं थांबलो ते फुकट जाईल.

तुझा,
भीमराज


मारेगाव
दि. २ मार्च २००८

चि. सौ. शीलास,
जयभीम.

लढाई संपली. एचडी डीव्हीडीवाल्यांनी गेल्या महिन्यात हत्यार खाली ठेवलं, ब्ल्यू-रे राहिली. मी थांबलो ते बरोबर होतं, हे आता कुणीही कबूल करील. नागपुरात एकाकडे ती चकती भरायचं मशीन आहे, त्याच्याशी बोलणं झालं. मायला जानेवारीपासून उजेड-अंधार तेवढाच कळतो, हे तुला माहीत आहे. तिला ऐकू तरी येईल, असं म्हणून मी काल डबा काढला.

शीला, माझ्या घरात कुणीतरी हात घातला आहे. झाकणावरची पट्टी माझीच, तारीख माझ्याच अक्षरात. पण मी पट्टी डावीकडून लावतो, ही उजवीकडून दाबली आहे. कॅसेट मी पूर्ण मागे गुंडाळून ठेवली होती; ती मध्यावर आहे. एकतिसाव्या मिनिटाच्या आसपास फीत तुटून पारदर्शक पट्टीनं जोडली आहे आणि तिथला तीन बोटं तुकडा गायब आहे. पुढची वीतभर फीत चुरगळली आहे. ही आता कोणत्याच मशीनमध्ये जाणार नाही.

वहिनीला विचारलं, ती रडायला लागली. मायला विचारलं. ती म्हणाली, शीलाले लिही.

म्हणून लिहितो. वाट पाहतो.

भीमराज


बोरी अरब
दि. ८ मार्च २००८

आदरणीय भाऊस,
सविनय जयभीम. वि. वि.

वहिनीला काही बोलू नकोस. तिला फक्त माहीत होतं. हात माझा आहे.

मागच्या मे महिन्यात तू पांढरकवड्याला चार दिवस गेलता, तेव्हा मी, पायल आणि माय डबा घेऊन वणीला गेलो. हबीबभाईंच्या पोराकडे, जमीरकडे. ती शूटिंग हबीबभाईंनीच केलेली, म्हणून माय म्हणाली की त्यांच्याच घरी जाऊ. हबीबभाई आता खाटेवर असतात, पण मायचा आवाज ओळखला. जमीरनं कॅसेट पाहिली, दोन तास पुसली आणि एकदाच चालवली, व्हीसीडीवर उतरवली. पूर्ण उतरली, भाऊ. तुटली ती नंतर, मागे गुंडाळताना. तू एकदाच म्हणाला होतास, ते खरंच होतं.

मी जमीरला तुझ्या रेघा सांगितल्या. तो हसला नाही. म्हणाला, भीमराजचाचांचं चकत्यांचं सगळं बरोबर आहे, पण रेघा कॅसेटीतच अडीचशेच्या खाली आहेत. लोटाभर पाणी रांजणात ओतलं म्हणून रांजणभर होते का? तू चकत्यांचं एवढं वाचलंस, कॅसेटचं वाचायचं राहून गेलं. हे तुला टोचायला लिहीत नाही.

माय पावसाळाभर रोज पाहायची. थेंब टाकले की पंधरा मिनिटं डोळे मिटून बसायची, मग टीव्हीपासून वीतभर अंतरावर. तिच्या नळीत बाबांचा चेहराच तेवढा मावायचा. पण गाणी ती पायलला पुढे ढकलायला सांगायची. ती शेवट पाहायची. कार्यक्रम संपल्यावर हबीबभाई कॅमेरा बंद करायला विसरले होते. स्टेज रिकामं होतं, बाबा खाली उतरून चपला शोधतात, सापडत नाहीत. मग बायकांतून माय येते, पदराखालून त्यांच्या चपला काढते आणि पायापुढे आपटते. काहीतरी बोलते, ते ऐकू येत नाही. बाबा मान मागे टाकून हसतात. एवढंच, मिनिटभर. माय म्हणायची, गाणारे बाबा साऱ्या गावचे होते.

डब्यात तुझा कागद होता, मिनिटामिनिटाची नोंद. त्या जागी तू लिहिलं आहेस, "कार्यक्रमानंतरचा निरुपयोगी भाग, वगळावा."

तुला सांगायचं नाही, हे मायनं ठरवलं. म्हणाली, "तो बापाले राखून बसला. त्याले राखू दे." मी ऐकलं. सप्टेंबरमध्ये तू लपवू नकोस लिहिलंस, तेव्हा तीनदा उत्तर लिहून फाडलं.

मूळ चकती या पत्रासोबत पाठवते. माझ्याकडे प्रत नाही. रागावायचं तेवढं रागाव, पण पत्रात लिहून रागाव.

तुझी,
शीला


मारेगाव
दि. ३० मार्च २००८

चि. सौ. शीलास,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

पार्सल बावीस तारखेला आलं. पत्र लगेच वाचलं, चकती आठ दिवस तशीच ठेवली होती. पुण्याहून जुनी मासिकं मागवून कॅसेटच्या रेघा वाचल्या. दोनशे चाळीस. जमीरला सांग, अडीचशेच्या खाली म्हणाला ते बरोबर आहे. त्यालाच हेही सांग की आवाज त्यानं डाव्याच बाजूला घेतला आहे, दोन्हीकडे घ्यायला हवा होता.

नागपूरच्या माणसाला नको म्हणून कळवलं.

आज सकाळी दुकान उघडायच्या आधी चकती लावली. बाबा हात वर करतात तेव्हा चित्राचे चौकोन होतात. होतात ते होतात. मी शेवटपर्यंत बसलो. चपला आपटल्या तिथं उजेड बरोबर पडला आहे. हबीबभाईंचा हॅलोजन त्या दिवशी मी धरला होता, शीला. मी तिथंच, चार हातांवर उभा होतो आणि दिव्याची वायर पायात येते का ते बघत होतो. माय काय बोलली ते मला ऐकू आलं असणार. मला आठवत नाही. सकाळपासून आठवून पाहतो आहे.

चार प्रती काढल्या आहेत, व्हीसीडीच. एक तुला, एक हबीबभाईंना, दोन घरात. तुझी उद्याच्या डाकेनं निघेल. त्यात काही वगळलेलं नाही.

पहिल्यांदा लावायच्या आधी मायला हाताला धरून आणत होतो. म्हटलं, टीव्हीजवळ बस, आवाज तरी ऐक. दिसतं ते मी सांगत जातो. ती दारातच थांबली. हात सोडवून घेतला.

"मी पाह्यलं," म्हणाली. "आता तू पाह्य."

आणि थेंबांची वेळ नसतानाही डोळे मिटून मागच्या खोलीत जाऊन बसली.

तुझ्यावर राग आहे. तो जाईल तेव्हा कळवीन; तोवर लोभ कमी करू नकोस.

तुझा भाऊ,
भीमराज