मन या रकान्यात

४ फेब्रुवारी २००२, सोमवार
समता कॉलनीतल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले. ॲसिडिटी म्हणाले. गोळ्या दिल्या. "कब जलता है, लिखकर लाना. और उस वक़्त मन कैसा था, वो भी." म्हणून ही वही. दोन रकाने आखले.
पोट: दुपारी चारला जळजळ. मन: ठीक.

५ फेब्रु.
छत्तीसगड हे राज्य नवे झाल्यापासून माझ्यासारख्या पेंटरला उसंत नाही. एमपी पुसायचे, सीजी लिहायचे. आज सात नंबरप्लेटा. एकही वाकडी नाही.
संध्याकाळी शेजारच्या वानखेडे काकांकडून पेढे आले. रंजनाचे जमले. मुलगा भिलाईचा, प्लांटमध्ये पर्मनंट. आई म्हणाली, "चांगलं झालं ना बाबू?" मी हव म्हटले. पेढा अर्धाच गेला.
पोट: सात ते दहा. मन: ठीक. (खवा बाधला असेल.)

८ फेब्रु.
रंजना दुकानात आली. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. मी नववीत शाळा सोडली, ती बी.कॉम. झाली. तरी नवी पाटी झाली की वाचायला येते, चूक शोधते. सहा वर्षांत एकच सापडली. आज पाटीकडे पाहिलेच नाही.
"तुले कळलं ना?"
"हव."
"मग?"
"अभिनंदन."
"बस? एवढंच?"
मी ब्रश धूत राहिलो. तो धुतलेलाच होता.
पोट: नाही. घसा दाटला. घशाला रकाना नाही, इथेच लिहितो.

१० फेब्रु., रवि.
तो आला. हेमंत नाव. नवी मोटारसायकल. काकांनी प्लेट लिहायला माझ्याकडेच पाठवला. उंच आहे. दात चांगले. मराठी कळते पण बोलतो हिंदी. म्हणाला, "भैया, मैं तो इतना खुश हूँ कि खाना नहीं उतरता." मी काही विचारले नव्हते. जेवण तर माझेही उतरत नाही. मग त्याला कसे कळते की खुश आहे म्हणून? कुठे कळते, छातीत?
रंजना चहा घेऊन आली. त्याला कपबशी, मला ग्लास. मला नेहमी ग्लासच असतो. आजच दिसला. तो काहीतरी बोलला, ती तोंडावर हात ठेवून हसली. माझ्यासमोर हसते तेव्हा हात ठेवत नाही. हे चांगले की वाईट
त्याची प्लेट फार सुरेख झाली. इतकी मेहनत काहून घेतली, माहीत नाही.
पोट: तो आल्यापासून जाईपर्यंत. मन: ~~राग~~. त्याने तर काहीच केले नाही.

१३ फेब्रु.
डॉक्टरांना वही दाखवली. "हर जगह ठीक लिखा है. ठीक मतलब?"
ठीक म्हणजे ठीक.
गोळी बदलली.

१६ फेब्रु., शनि.
काकांच्या दाराजवळची भिंत लग्नासाठी चुना मारून तयार. वर गणपती, दोन्हीकडे कलश, मधे नावे. मुलीकडची भिंत, म्हणून तिचे नाव आधी, मग 'संग', मग त्याचे. पैसे घेणार नाही म्हणालो. काका म्हणाले, "घरचाच पोट्टा आहे तू."
खडूची दोरी मारली. तीन ओळी मोजल्या. नऊला सुरुवात, जेवायला उठलो नाही. हात एकदम स्थिर. इतका कधी नसतो.
चारला काका बाहेर आले. बराच वेळ पाहत राहिले. "काय बे दिलीप, जावईबापूले कोठं उभं करतो आता?"
तेव्हा पाहिले. रंजना हे नाव मी जवळजवळ तिन्ही ओळींची जागा खाईल एवढे मोठे लिहिले होते. खाली जागा चार बोटे.
नऊ वर्षे हे काम करतो. जागेचा अंदाज कधी चुकला नाही. काका हसले, अख्खी गल्ली गोळा होऊन हसली. "पोट्टा थकला बिचारा." रंजना दारात होती. ती हसली नाही.
पोट: नाही! चारपर्यंत नाही. रंगवताना जळजळ नव्हती, काका बोलल्यावर सुरू झाली.

१७ फेब्रु.
सगळ्यावर परत चुना मारला. लाल रंग आतून दिसतो. दुसरा हात द्यावा लागला.
रंजना आली. "तुझं तर चुकत नाही. काहून झालं?"
"भिंत ओली होती."
"दिलीप."
"मले नाही माहीत. खरंच."
"माझं लग्न ठरलं आणि तुले काहीच वाटत नाही?"
वाटते. पण काय वाटते, ते विचारले की सगळे पांगते. तो आला की पोट जळते, गेला की थांबते. तू पाटी वाचायला येतेस त्या दिवशी दोनदा भूक लागते. असे वही हातात धरून तिला सांगितले. दुसरे सांगण्यासारखे नव्हतेच.
ती म्हणाली, "याले काय म्हणतात, माहीत आहे तुले?"
"ॲसिडिटी."
डोळ्यात पाणी आणून हसली. तोंडावर हात नव्हता. "वही दे."
दिली. आजचे हे मागाहून लिहितो आहे, वही परत आल्यावर.

२० फेब्रु.
वही आज सकाळी आईजवळ देऊन गेली. आत काही लिहिलेले नाही. फक्त 'मन'च्या रकान्यातले प्रत्येक 'ठीक' पेन्सिलीने गोल केले आहे, शाळेत असताना माझ्या वहीत चूक दाखवायची तसे. बरोबर उत्तर लिहायला हवे होते. पूर्वी लिहायची.
मन: भीती. (हे नक्की. खोडत नाही.)

२१ फेब्रु.
काकांनी गल्लीतूनच विचारले, "भिंत कवा रंगवतो रे? परवा पाहुणे येऊन राहिले."
मी तोंड उघडण्याआधी आतून रंजनाचा आवाज आला. "ओली आहे बाबा अजून. वाळू द्या."
काका आत गेले. मी भिंतीला तळवा लावून पाहिला. कोरडी ठणठणीत.
रंगाचा डबा घेऊन परत आलो.