टाकीतले खरे पाणी आणि माझी त्यातली जागा

मी, व्हर्ना डोंब्रोव्स्की, वय एकोणऐंशी, राहणार टोलीडो, ओहायो, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय आणि सकाळची कॉफी पोटात गेल्यावर हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते वकिलाने लिहिले होते आणि त्यात माशांचा साधा उल्लेखही नव्हता.

१. तळघरातील खाऱ्या पाण्याची टाकी, तिच्यातील दगड, वाळू, प्रवाळ आणि क्लाउनफिशची जोडी मी माझी पुतणी हलीना हिला देते. ही जोडी हलीनाच्या लग्नाहून जुनी आहे आणि जास्त टिकली आहे. भरलेली टाकी जागची हलत नाही, म्हणून तिच्यावरचे घरही हलीनालाच देते. घराच्या लोभाने कोणी टाकीवर हक्क सांगू नये.

२. माझा दीर कॅझिमिर, म्हणजे हलीनाचे वडील, याला टाकी का दिली नाही हे लिहिणे भाग आहे, कारण तो विचारणारच. माझ्या खुब्याचे ऑपरेशन झाले तेव्हा टाकी त्याच्यावर सोपवली होती. माशांना रोग झाला. औषधाच्या बाटलीवर दहा गॅलनला एक टोपण असे लिहिलेले. कॅझने काचेवरची चिठ्ठी वाचली, एकशेवीस गॅलन, आणि बारा टोपणे ओतली. त्या औषधात कमीजास्त अजिबात चालत नाही. माझी पिवळी टँग मासळी, कॉन्स्टन्स, दुसऱ्या दिवशी आडवी झाली.

मी घरी आल्यावर त्याचे म्हणणे असे:

"वहिनी, कंपनीनं काचेवर लिहिलंय. मी टेप लावून पण बघितलं. लांबी, रुंदी, उंची, सगळं बरोबर."

"भावजी, टेप काचेच्या बाहेरून लावलात. आत वाळू आहे, दगड आहेत. ते काय हवेत तरंगतात?"

"दगड किती जागा खाणार?"

"तुमचा भाऊ किती खायचा?"

त्याने मान वळवून टाकीत पाहिले. कारण माझे पती लिओनार्ड तेव्हाही टाकीतच होते. त्यांची राख सिमेंट आणि शिंपल्यांच्या चुऱ्यात कालवून मी दगड केला होता. हलीना बेकरीत काम करते, तिने मधे भोक असलेला केकचा साचा आणून दिला. कॅझने औषधाचा हिशोब केला तेव्हा सख्ख्या भावाला धरलेच नव्हते.

खरे पाणी हलीनाने काढले. मी टाकी उपसायला निघाले होते. ती म्हणाली, "काकू, उपसता कशाला? खायचा सोडा मोजून घालू. आधी पाण्याच्या क्षारपणाची चाचणी, नंतर पुन्हा चाचणी. पाणी जितकं कमी, तितका सोडा जास्त चढणार." केले. खालच्या कपाटातल्या गाळणीच्या छोट्या टाकीचे पाणी धरूनही अठ्ठ्याण्णव गॅलन निघाले. टाकी तिला मिळते ती याच कारणाने.

३. लिओनार्डची सर्व हत्यारे कॅझला द्यावीत. मेझरिंग टेप देऊ नये.

४. बँकेतील शिल्लक आमच्या चर्चच्या स्वयंपाकघराला, ईस्टरआधीच्या उपवासकाळात मांस वर्ज्य म्हणून दर शुक्रवारी मासे तळतात, त्यांसाठी. मासे पाळणाऱ्या बाईने मासे तळायला पैसे ठेवावेत याचे पाद्रीबाबांना हसू आले. माझ्या माशांना नावे आहेत, त्यांच्या माशांना नाहीत.

५. माझ्या देहाचे दहन करून राखेचा दगड करावा, लिओनार्डच्या शेजारच्या खाचेत बसेल एवढा. साचा तोच वापरावा आणि नंतर बेकरीत परत नेऊ नये. मला घाईने टाकीत टाकू नये, सिमेंटचा चुना मासे मारतो. लिओनार्ड दोन महिने कपडे धुण्याच्या टबात होते आणि मी रोज त्यांचे पाणी बदलत होते. तरी पुढे वर्षभर त्यांच्यावर हिरवे शेवाळ येत राहिले. माझ्यावर आले तर दात घासायच्या ब्रशने घासावे, कुरकुर करू नये.

आम्हाला मूल झाले नाही. याचे दुःख लिओनार्डना माझ्याहून जास्त होते, ते बोलत नसत. आता क्लाउनफिशची ती जोडी त्यांच्याच दगडावर अंडी घालते, पुन्हा पुन्हा, आणि नर रात्रंदिवस त्यांच्यापाशी राखण करतो. मी खुर्ची घेऊन समोर बसते. मला तिथे जायचे आहे, बाकी काही नको.

हे ऐकून कॅझ म्हणाला, "म्हणजे वहिनी, तुम्ही दोघं आता पाण्यात भांडणार."

"हो. आणि तुम्हाला ऐकू येणार नाही, त्यातच मजा आहे."

६. कॅझला एक काम सोपवते. कॉन्स्टन्सला त्याने अंगणात पुरले आणि मी घरी आल्यावर तिच्यावर ट्यूलिप लावले, ते मी खिडकीतून पाहिले आहे. तो रडत होता. म्हणून हे काम दुसऱ्या कोणाचे नाही. माझा दगड टाकीत ठेवण्याआधी त्याने एक बादली काठोकाठ भरावी, ती परातीत ठेवावी आणि मला हळूच बुडवावे. परातीत सांडेल तेवढे पाणी म्हणजे माझी जागा. ती अठ्ठ्याण्णवातून वजा करावी, काचेवरची कंपनीची चिठ्ठी खरवडून काढावी आणि नवा आकडा स्वतःच्या हाताने लिहावा.

या वेळी घरच्या माणसांना धरावे.

सही: व्हर्ना डोंब्रोव्स्की
ठिकाण: टोलीडो, माझे तळघर, टाकीसमोर
तारीख: १४ मार्च २०१९

आमच्यासमोर सही झाली. बाई शुद्धीत होत्या आणि सही करताना हसत होत्या.
साक्षीदार: ओडेल प्रुइट, शेजारी
साक्षीदार: मार्गरिट हास, चर्चचे स्वयंपाकघर