दुकानाची किल्ली

३ मार्च
किल्ली बोक्याला दिली! मला नाही. शाळा सुटल्यापासून बाबांच्या शेजारी बसून बूट शिवते ती मी — आणि किल्ली कुणाला, तर कालपर्यंत दुकानाचं नाव काढलं की नाक मुरडणाऱ्या धाकट्या भावाला. "पोरगा हाताशी आला," बाबा म्हणाले. आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. आईने तर त्याचा शर्ट हुंगला. "बापाच्या अंगाचा वास लागला गं माझ्या लेकराला!"

सोल्युशनचा वास. बूट चिकटवायचं ते. आमच्या उशांनाही तोच येतो. मी जळतेय, कळतंय मला. जळू दे.

९ मार्च
बोक्याचा डबा तसाच परत. डोळे तांबारलेले, बोलताना अडखळतो. शाळेआधी दुकान झाडायला जातो म्हणे. झाडलेलं कुणी पाहिलंय?

१४ मार्च
सोल्युशनचा नवा डबा रिकामा होत आलाय, आणि या आठवड्यात चिकटवायचं काम जवळपास नव्हतंच. फळीमागे पिशव्या सापडल्या, आतून चिकट. त्याच्या ओठांभोवतीचे फोड आठवले. सोल्युशन पिशवीत ओतून हुंगतोय तो, नशेसाठी.

काय मूर्ख आहोत आम्ही! दुसऱ्या घरात त्या वासाने आईने पहिल्याच दिवशी घर डोक्यावर घेतलं असतं. आमच्याकडे त्याला शाबासकी मिळाली.

१५ मार्च
बाबांना सांगितलं. पिशवी त्यांच्या नाकाशी धरली. पण इतक्या वर्षांच्या सोल्युशनने त्यांचं नाक कधीच गेलंय. "मला तर काही वास येत नाही," म्हणाले. मग — "किल्ली त्याला दिली म्हणून तुझ्या पोटात दुखतंय." आई भाजी चिरत राहिली. बोक्या माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई ना, काहीही बोलते."

दुखतच होतं पोटात. म्हणून तर तोंड बंद झालं माझं.

१७ मार्च
बोक्या दुकानात बेशुद्ध सापडला. दवाखान्यात आहे. आणखी लिहवत नाही.

१८ मार्च
वाचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय कधीही बंद पडलं असतं. बाबा बाकावर बसून स्वतःचे तळहात हुंगत होते. पुन्हा पुन्हा. मग म्हणाले, "तू सांगत होतीस." माझं खरं ठरलं आणि मला ढसाढसा रडू आलं.

२ एप्रिल
बोक्या व्यसनमुक्ती केंद्रात. बाबांनी सोल्युशन फेकून दिलं होतं, नुसत्या शिलाईवर दुकान चालवू म्हणाले. नाही चालत. गिऱ्हाईकं माघारी जातात. आज डबा पुन्हा आणला. बाबा माझ्या टाक्यांवरून अंगठा फिरवतात.

२८ एप्रिल
बोक्या घरी आला. हडकलाय नुसता. आई त्याला वाढतच होती. जेवण झालं आणि बाबांनी किल्ली त्याच्या ताटाशेजारी ठेवली! "आपणच विश्वास टाकला नाही तर पोरगा सावरणार कसा?"

मी ओरडले, "वेड लागलंय का तुम्हाला?" बोक्याने किल्ली उचलून खिशात टाकली. झालं! पुन्हा तेच सगळं.

२९ एप्रिल
सकाळी मी केस विंचरत होते. बोक्या आला, माझा मोकळा हात ओढून त्यात किल्ली ठेवली. "ताई, मला तो वास अजून आवडतो गं. बाबांना तू सांग. आता तुझं ऐकतील ते."